चेनसॉ घेताना ब्रँड शेवटी ठरवा

‘कुठल्या कंपनीची मशीन चांगली?’ नवीन माणूस दुकानात शिरतो तो हाच प्रश्न घेऊन. दुकानदार त्याच्याकडे ज्या कंपनीचा माल असेल तिचं नाव सांगतो आणि सौदा होतो. माझं म्हणणं असं की हा प्रश्न शेवटी विचारायचा. आधी लाकूड, मग ताकद, मग वजन, मग दुरुस्ती, आणि एवढं झाल्यावर कंपनी. या क्रमाने गेलात तर बहुतेक वेळा कंपनी आपोआप ठरते.

कोकणात हे फार जवळून दिसलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं. रायगडपासून दापोली-मंडणगडपर्यंत सुपारी, नारळ, आंबा, फणस आडवे झाले. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं. त्या काळात हाताला लागेल ती मशीन लोकांनी उचलली, कारण रस्ता मोकळा करायचा होता, घरावरचं झाड काढायचं होतं. त्यातल्या कित्येक मशीन आज एखाद्या साध्या पार्टासाठी पडवीत पडून आहेत. गरज असतानाची खरेदी तशीच होते, त्यात कुणाचा दोष नाही. पण आता सवडीने, धंदा म्हणून किंवा बागेसाठी मशीन घेणार असाल तर चार दिवस विचारात घालवा.

पहिली पायरी: काय कापायचंय ते लिहून काढा

कागदावर तीन गोष्टी लिहा. बुंध्याची जाडी, लाकडाची जात, आणि आठवड्याला किती तास मशीन चालणार.

जाडीवरून बारची, म्हणजे चेन ज्यावरून फिरते त्या लांब पट्टीची, लांबी ठरते. फांद्या आणि फूटभर जाडीपर्यंतचे ओंडके असतील तर १६ इंची बार पुरतो. आंब्या-फणसाचे जुने बुंधे असतील तर २० इंच किंवा त्याहून जास्त लागेल. बार लांब घेतला की इंजिनही मोठं लागतं. ४५ सीसीच्या मशीनवर २० इंची बार बसतो म्हणून तो लावायचा नाही. बुंध्यात पूर्ण रुतला की रेस पडते, क्लच तापतो आणि चेन नुसती घासत राहते.

लाकडाच्या जातीकडे मात्र कुणी लक्ष देत नाही, आणि आपल्याकडे तर तेच सगळ्यात महत्त्वाचं. कंपन्यांच्या जाहिरातींत दिसतं ते बहुतेक थंड देशांतलं पाइन-स्प्रूससारखं मऊ लाकूड. आपल्याकडे ऐन, किंजळ, सुरू, चिंच असतं. सागाच्या लाकडात सिलिका असते, ती चेनची धार खाते. नारळाचं खोड वरून बघायला सोपं वाटतं, पण त्याचा बाहेरचा थर टणक आणि आतला गाभा मऊ. त्या बाहेरच्या थरात दात लवकर बोथट होतात. वादळात पडलेल्या झाडाला वाळू-माती चिकटलेली असेल तर विचारूच नका. अशा कामाला थोडी जास्त ताकद आणि योग्य चेन लागते, नुसतं मोठं नाव पुरत नाही.

तासांचा हिशेब सरळ आहे. वर्षाकाठी पंधरा-वीस दिवस बागेत वापर असेल तर शेतीच्या वर्गातली मशीन घ्या. रोज पाच-सहा तास चालवून त्यावर पोट भरायचं असेल तर व्यावसायिक वर्गातलीच घ्या. मधला मार्ग काढायला गेलात की दोन वर्षांत दुसरी मशीन घ्यावी लागते.

दुसरी पायरी: सीसी विसरा, किलोवॉट बघा

खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेलं असतं ते सीसी. सीसी म्हणजे सिलिंडरमधली जागा. त्या जागेतून इंजिन किती ताकद काढतं हे वेगळं, आणि ते किलोवॉटमध्ये किंवा हॉर्सपॉवरमध्ये लिहितात. एक किलोवॉट म्हणजे साधारण १.३६ हॉर्सपॉवर.

ऑनलाइन दहा हजारांच्या आत मिळणाऱ्या स्वस्त मशीनवर ५८ सीसी लिहिलेलं असतं. आत बारीक अक्षरात ताकद बघा, बहुतेकदा २.२ किलोवॉटच्या आसपास दिसेल. स्टिल कंपनीची, शेतीच्या वर्गातली एमएस २५० ही ४५.४ सीसीची, आणि ताकद २.३ किलोवॉट. म्हणजे तेरा सीसी कमी असूनही तेवढंच काम, आणि मशीन हलकी. याच कंपनीची व्यावसायिक एमएस २६१ घ्या: ५०.२ सीसीतून ३.० किलोवॉट. आकार जवळपास तोच, ताकद जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने जास्त. हा फरक इंजिनाच्या बांधणीतून येतो. शेतीच्या वर्गात इंजिन प्लॅस्टिकच्या कवचात बसवलेलं असतं, व्यावसायिक वर्गात मॅग्नेशियमचा क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं धातूचं कवच, असतो. तो दिवसभराची उष्णता आणि ताण सोसतो, उघडून दुरुस्तही नीट करता येतो. किंमत जास्त का, याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

तिसरी पायरी: वजनाला ताकदीने भागा

माहितीपत्रकातलं वजन हे बार, चेन, पेट्रोल आणि ऑइल सोडून असतं. ४.९ किलोच्या मशीनला १६ इंची बार-चेन लावून दोन्ही टाक्या भरल्या की हातात साडेसहा किलोच्या आसपास येतं. दुकानात रिकामी मशीन उचलून ‘हलकी आहे’ म्हणू नका. बार लावून, टाक्या भरून उचला, आणि कमरेच्या उंचीवर आडवी धरून दोन मिनिटं उभे राहा. मनगट काय सांगतं ते ऐका.

तुलनेसाठी एक सोपा आकडा काढायचा: वजन भागिले किलोवॉट. एका किलोवॉटमागे किती किलो उचलायचे ते कळतं. आकडा जितका लहान तितकी मशीन चांगली. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

एमएस २५० ची ४.६ किलोला २.३ किलोवॉट, म्हणजे बरोबर २.०. हस्कवार्ना कंपनीची ४४५ ही ४.९ किलोला २.१ किलोवॉट, म्हणजे २.३. व्यावसायिक वर्गात एमएस २६१ ची १.६ येते, तर हस्कवार्ना ५५० एक्सपी मार्क टू, ५.३ किलो आणि ३.० किलोवॉट, १.८ च्या जवळ. सत्तर सीसीच्या आसपास स्टिल एमएस ४६२ मध्ये ६.० किलोला ४.४ किलोवॉट मिळतात, म्हणजे १.३६. हस्कवार्ना ५७२ एक्सपी ६.६ किलोला ४.३ देते, म्हणजे १.५३. आणि इंधन इंजेक्शन असलेली स्टिल एमएस ५०० आय, ७९.२ सीसी, ६.२ किलो, ५.० किलोवॉट: १.२४. ही मशीन चालवणारा माणूस दुसऱ्या मशीनकडे सहसा वळत नाही.

पण या आकड्यांच्या मागे फार धावू नका. १.६ आणि १.८ मधला फरक संध्याकाळी खांद्याला कळतो, तर २.३ आणि १.६ मधला फरक पहिल्याच ओंडक्यात कळतो. एकाच वर्गातल्या दोन नामांकित मशीनपेक्षा दोन वर्गांमधला फरक सहसा मोठा असतो.

वजनाबरोबर थरथर पण बघायची. माहितीपत्रकात ती मीटर प्रति सेकंद वर्ग या मापात, पुढच्या आणि मागच्या मुठीसाठी वेगवेगळी लिहिलेली असते. युरोपातल्या नियमाप्रमाणे आठ तासांच्या सरासरीने २.५ च्या वर गेलं की मालकाने उपाय करायचे आणि ५ च्या वर जाऊच द्यायचं नाही. वर्षानुवर्षं थरथर सोसली की बोटांतला रक्तपुरवठा बिघडतो, थंडीत बोटं पांढरी पडतात आणि ते पुन्हा पूर्ण बरं होत नाही. रोजंदारीवर मशीन चालवणाऱ्या माणसासाठी हा आकडा किमतीइतकाच मोलाचा आहे, आणि मालकाने तो त्याच्या वतीने बघायला हवा.

चौथी पायरी: कंपन्यांची नुसती ओळख, निवड दुरुस्तीची सोय बघितल्यावर

स्टिल ही जर्मन कंपनी, १९२६ मध्ये श्टुटगार्टला सुरू झालेली. चेनसुद्धा ती स्वतः बनवते, स्वित्झर्लंडमध्ये. भारतात तिचं कार्यालय पुणे जिल्ह्यात आहे आणि महाराष्ट्रात तालुक्याच्या गावांपर्यंत विक्रेते सापडतात. आपल्याकडे ठेकेदारांच्या हातात दिसते ती बऱ्याचदा एमएस ३८२: ७२.२ सीसी, ३.९ किलोवॉट, ६.२ किलो. हिच्या कार्बोरेटरला, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाला, इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नाही, तो स्क्रूने लावायचा. वाडीतला मिस्त्रीही ती उघडतो. जाड बुंध्यांच्या कामाला नवीन ठेकेदाराने घ्यायची मशीन म्हणून मी आधी हिचंच नाव घेईन.

हस्कवार्ना स्वीडनची. १६८९ साली बंदुकांचा कारखाना म्हणून सुरुवात, पहिला चेनसॉ १९५९ मध्ये. हिची जमेची बाजू म्हणजे हातातली चाल. फांद्या छाटताना बुंध्याच्या या अंगावरून त्या अंगावर मशीन फिरवावी लागते, तिथे एक्सपी मालिकेतली मशीन सुरेख वळते. हवेतला भुसा फिल्टरपर्यंत पोचायच्या आत पंख्याच्या जोराने बाहेर फेकायची सोयही चांगली आहे. कोरड्या दिवसांत, धुळीच्या जागेत हे उपयोगी पडतं. जुन्या पठडीतली ३६५ भरवशाची आहे. अडचण असेल तर ती विक्रेत्याची. तुमच्या जिल्ह्यात चांगला विक्रेता असेल तर बिनधास्त घ्या, नसेल तर आकडे बाजूला ठेवा.

जपानची एको हलक्या मशीनमध्ये उठून दिसते. तिची सीएस-२५११ ही वरच्या मुठीची मशीन २५ सीसीची आणि अवघी २.३ किलोची. पण वरच्या मुठीच्या मशीन फक्त दोर-पट्टा बांधून झाडावर चढणाऱ्या, शिकलेल्या माणसासाठी असतात. लहान आणि स्वस्त दिसते म्हणून जमिनीवर उभं राहून एका हाताने चालवायला घेऊ नका, यातूनच हात आणि चेहरा कापल्याचे अपघात होतात.

मकिताच्या पेट्रोल चेनसॉचा वारसा जर्मनीच्या डोल्मार कंपनीचा, आणि त्या मशीन खरोखर दणकट होत्या. पण मकिताने मार्च २०२२ मध्ये पेट्रोल इंजिनांचं उत्पादन थांबवलं आणि सगळा भर बॅटरीवर दिला. वापरलेली पेट्रोल मकिता कुणी विकत असेल तर आधी पार्टांची चौकशी करा. बॅटरीची मशीन सोसायटीच्या आवारातल्या छाटणीला, गॅलरीजवळच्या फांद्यांना उत्तम. आवाज कमी, धूर नाही. जंगलपट्टीत दिवसभर काम असेल आणि चार्जिंगची सोय नसेल तर ती घेऊ नका.

उरली नाव नसलेली किंवा रोज नवं नाव लावून येणारी स्वस्त मशीन. वर्षातून चार दिवस जळणफाटा करायला ती चालते, हे मान्य. पण चेन ब्रेक खरंच लागतो का, ते विकत घेण्याआधी तपासा. पुढच्या मुठीसमोरची आडवी पट्टी (पंजा) पुढे ढकलली की चेन तत्क्षणी थांबायलाच हवी. नामांकित मशीनच्या हुबेहूब नकलाही बाजारात आहेत. बिलावर मशीनचा क्रमांक आणि विक्रेत्याचा शिक्का नसेल तर भाव कितीही चांगला असो, मागे फिरा.

पाचवी पायरी: चेन समजून घ्या

सगळी ताकद शेवटी दातांतून लाकडात जाते. अर्ध्या किमतीची मशीन धारदार चेनवर जे काम करते, ते दुप्पट किमतीची मशीन बोथट चेनवर करू शकत नाही.

चेनवरच्या लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजून त्याला दोनने भागलं की पिच मिळतो. लहान मशीनवर बुटक्या दातांची ३/८ इंची, मधल्या मशीनवर ०.३२५ इंची, मोठ्या मशीनवर पूर्ण ३/८ इंची, अगदी मोठ्यांवर ०.४०४ इंची. पिच, बारच्या खाचेची जाडी आणि कडीची संख्या, तिन्ही जुळले तरच चेन बसते. जुनी चेन सोबत नेली की गोंधळ होत नाही.

दातांचे मुख्य प्रकार दोन. चौकोनी कोपऱ्याचा दात स्वच्छ लाकडात वेगाने कापतो पण मातीत लगेच मार खातो. गोलसर कोपऱ्याचा दात थोडा सावकाश कापतो पण धार टिकवतो. नारळ, साग, पडलेली झाडं, वाळलेलं लाकूड, या सगळ्याला गोलसर दात. नवशिक्याने तर हाच घ्यावा, कारण कानस मारताना थोडं इकडेतिकडे झालं तरी तो सांभाळून घेतो.

कानशीचं माप पिचप्रमाणे असतं: बुटक्या ३/८ ला ४.० मिलिमीटर, ०.३२५ ला ४.८, पूर्ण ३/८ ला ५.२ किंवा ५.५, कंपनी सांगेल तसं. कोन बहुतेक चेनना ३० अंशांचा, आणि दातावर त्याची बारीक रेघ कोरलेली असते. कानस एकाच दिशेने, आतून बाहेर, प्रत्येक दाताला सारख्याच वेळा. मागेपुढे घासायची नाही. एका बाजूचे दात लांब राहिले की काप वाकडा जातो आणि लोक बारला दोष देतात. धार ओळखायची खूण भुशात आहे. जाडसर कीस उडत असेल तर चेन ठीक. पिठासारखी पूड पडायला लागली, किंवा मशीन हाताने दाबावी लागली, की थांबा आणि कानस काढा. टाकी भरायला थांबाल तेव्हा दर वेळी दोन हात मारले तर चेन कधी पूर्ण बोथट होतच नाही.

सहावी पायरी: दुरुस्तीवाला आधी, पावती नंतर

मशीन घेण्याआधी विक्रेत्याकडे जाऊन चार पार्ट मागा: एअर फिल्टर, स्टार्टरची दोरी आणि स्प्रिंग, क्लचचा स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक), कार्बोरेटरचं डायफ्रॅम किट. चारही त्याच्या फडताळात असतील तर तो दुकान चालवतो, नुसती खोकी विकत नाही. ‘मागवून देतो’ म्हणाला तर किती दिवसांत, ते विचारा. पावसाळ्याच्या तोंडावर आठ दिवस बंद पडलेली मशीन म्हणजे आठ दिवसांचा रोज बुडाला.

नव्या मशीनमधला स्वयंचलित कार्बोरेटर, स्टिलचा एम-ट्रॉनिक किंवा हस्कवार्नाचा ऑटोट्यून, हवा आणि उंचीप्रमाणे मिश्रण स्वतः जुळवतो. सोय मोठी आहे, पण बिघाड शोधायला विक्रेत्याचं उपकरण लागतं. शहराजवळ असाल तर जरूर घ्या. विक्रेता तीन तासांवर असेल तर स्क्रूवाली मशीन जास्त शहाणपणाची.

किमतीचा हिशेब करताना पावतीवरचा आकडा एकटा धरू नका. दोन चेनमागे एक स्प्रॉकेट, चार-पाच चेनमागे एक बार, वर्षाचं ऑइल, आणि तीन वर्षांनी विकताना काय येईल ते. चांगल्या कंपनीच्या मशीनला वापरून झाल्यावरही गिऱ्हाईक असतं, स्वस्त मशीन भंगारात जाते. हे सगळं मांडलं की व्यावसायिक मशीन रोजच्या कामाला बहुतेक वेळा स्वस्तच पडते.

आणि हेल्मेट, चेहऱ्याची जाळी, कानाचे मफ, कापरोधक पँट, पोलादी टोकाचे बूट, हे सगळं त्याच बजेटमध्ये धरा. चेन सेकंदाला वीसेक मीटर धावते, म्हणजे ताशी सत्तर किलोमीटरच्या वर. बारच्या टोकाचा वरचा कोपरा कशालाही टेकला की मशीन उसळून तोंडाकडे येते. पैसे कमी पडत असतील तर मशीन एक नंबर लहान घ्या, पण पँट घ्याच.

सातवी पायरी: पेट्रोल

टू-स्ट्रोक इंजिनाला लिटरमागे २० मिलिलिटर चांगलं टू-स्ट्रोक ऑइल, म्हणजे ५० ला १. पाच लिटरच्या कॅनला १०० मिलिलिटर. अंदाजाने ओतायचं नाही, मापाची बाटली ठेवा. ऑइल कमी पडलं तर पिस्टन जाम होतो आणि वॉरंटीत ते बसत नाही.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि बऱ्याच चेनसॉच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच परवानगी आहे. एम-ट्रॉनिकच्या अनेक पुस्तिकांत २५ टक्क्यांपर्यंत चालतं असं लिहिलेलं असतं, म्हणून घेताना ते पान उघडून बघा आणि विक्रेत्याला स्पष्ट विचारा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि रबराचे भाग खराब करतं. कोकणच्या दमट हवेत तर ते आणखी लवकर होतं. म्हणून मिश्रण आठवड्याला लागेल एवढंच करा.

बारच्या टाकीत गाडीचं काढलेलं काळं ऑइल ओतायची सवय सगळीकडे आहे. त्यातले धातूचे कण ऑइल पंप खातात आणि ते कातडीलाही घातक आहे. चेनचं ऑइल वेगळं घ्या.

झाडाला हात लावण्यापूर्वी

आंबा, फणस, चिंच, साग, खैर, जांभूळ, हिरडा यांसारखी झाडं स्वतःच्या जमिनीतली असली तरी तोडायला महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते. शहरात १९७५ चा वेगळा कायदा आहे आणि वृक्ष प्राधिकरणाची मंजुरी हवी. तारांजवळचं झाड असेल तर महावितरणला कळवून लाइन बंद झाल्याशिवाय मशीन सुरू करायची नाही.

पहिले काही दिवस

नवीन चेन पहिल्या तासाभरात ताणते. दर दहा-पंधरा मिनिटांनी मशीन बंद करून, चेन गार झाल्यावर ताण बघा: बारच्या खालच्या बाजूला चिकटून असावी आणि हातमोजा घालून ओढली तर सहज सरकावी. पहिल्या काही टाक्यांपर्यंत लाकूड नसताना पूर्ण रेस देऊ नका. रोज संध्याकाळी फिल्टर झटका आणि बारची खाच कोरून काढा. दर वेळी चेन बदलताना बार उलटा करून लावा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या झिजतात. काम नसलेल्या महिन्यांसाठी मशीन ठेवताना टाकी रिकामी करा, इंजिन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. चेन काढून ऑइलमध्ये बुडवून ठेवा आणि मशीन माळ्यावर, ओल नसलेल्या जागी ठेवा.